सुकन्याचा फोटो

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

वडवणी,
१८ नोव्हेंबर २०२४

ति. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्याला तुम्ही भलतंच उत्तर देता, म्हणून पुन्हा कागदावर आले. कानाचं यंत्र कपाटात ठेवून ऐकू येत नसतं, हे आई रोज सांगत असेलच.

नृत्यवर्गाचं विचारलंत. सात वर्षांपूर्वी बियाण्याच्या दुकानावरची ही खोली घेतली तेव्हा चाळीस मुली होत्या. आता अकरा आहेत. मी वाईट शिकवते असं कुणी म्हणत नाही. मी आहे हेच कुणाला माहीत नाही. हल्ली आया चौकात विचारत नाहीत, मोबाइलवर शोधतात. तिथं आधी बीड रोडवरचा नवा क्लास दिसतो, मग बीडचे सहा दिसतात, आणि माझं नाव पार तळाला. नकाशात तर माझी खूण जनावरांच्या बाजारात पडली आहे. परवा एक बाई मुलीचा हात धरून तिथं म्हशींमध्ये उभी राहिली आणि घरी निघून गेली. मला आधी हसू आलं. नंतर दार लावून बसून राहिले. असंच चाललं तर उन्हाळ्यात खोली सोडून तुमच्या गल्ल्यावर यावं लागेल.

आपला धाकटा श्रीशैल पुण्याहून सगळं नीट करून देतो म्हणालाय. बघू.

अकरांत एक सुकन्या आहे. मेंढपाळाची पोर, दहावीला. वस्तीवरून तीन किलोमीटर चालत येते. अशी मुलगी मला पुन्हा मिळायची नाही. तिचे वडील बंकटराव दिवाळीनंतर मेंढरं घेऊन आष्टीकडे गेलेत. ती संध्याकाळी गणिताच्या शिकवणीला थांबते असं त्यांना वाटतं. नाचाचं त्यांना कळू देऊ नका, असं तिच्या आईनं, ताराबाईनं, मला सांगून ठेवलंय.

आईला नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवून मागत नाही.
आपली,
शिवकन्या

घाटनांदूर,
२७ नोव्हेंबर २०२४

चि. शिवकन्या हिस,
अप्पांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. यंत्र कानात घातलं की गिऱ्हाईक कमी अन पंखाच जास्त ऐकू येतो, म्हणून ते कपाटात हाय. तू आईची बाजू घेऊ नकोस.

मला एक समजलं न्हाई. वडवणी ती केवढी. तिथं सात वर्षं बसलेल्या बाईला शोधायला नकाशा कावून लागावा? आपल्या किराणा दुकानावर धड पाटी न्हाई, तरी माणसं येतात. रविवारी श्रीशैल आला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला की अप्पा, जे मोबाइलवर दिसत न्हाई ते आता नसल्यातच जमा. ते ऐकून माझं दिवसभर कशात मन लागलं न्हाई. तरी तो सांगतो तसं कर, त्याला त्यातलं कळतं.

गल्ल्यावर बसायची भाषा नको. तू लई तापट. माझं आहे ते गिऱ्हाईकही पळवशील.

जेवणाची हेळसांड करू नकोस. इथून माया कमी पडणार न्हाई.
तुझे,
अप्पा

वडवणी,
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

ति. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ एसटीनं पाठवलाय, आईला आधी द्या.

श्रीशैलनं काम फत्ते केलं. माझी खूण बाजारातून उचलून आपल्या जिन्यापाशी ठेवली. वेळा घातल्या, नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे लिहिलं. जुन्या मुलींच्या आयांकडून अभिप्राय लिहून घ्यायला लावले. एकीनं मी फार ओरडते असंही लिहिलंय. तो म्हणाला, राहू दे, त्यानं बाकीचे खरे वाटतात.

मग फोटो हवे झाले. डिसेंबरच्या आमच्या कार्यक्रमात सुकन्याचा एक निघाला होता, तो सगळ्यात वर लावला. अप्पा, तो बघून मलाच भरून येतं. आता वडवणीत कुणीही डान्स क्लास शोधला की पहिलं नाव माझं, आणि चेहरा सुकन्याचा. पंधरा दिवसांत चौदा नव्या मुली आल्या. एका आईनं तर तोच फोटो स्वतःच्या अभिप्रायाखाली पुन्हा टाकलाय.

खोली सोडायचं आता बोलत नाही. तुमचं गोड बोलणं पत्रातून येऊ द्या.
आपली,
शिवकन्या

वडवणी,
३ फेब्रुवारी २०२५

ति. अप्पांस,
शि. सा. न.

सुकन्याला तिचे वडील घेऊन गेले.

त्यांच्या भावकीतला सटवा म्हणून एकजण इथं राहतो. तो आपल्या मुलीसाठी क्लास शोधत होता, त्याला फोटो दिसला. त्यानं तो आष्टीजवळच्या कडा गावात कुणाला तरी पाठवला, आणि तिथल्या बाजारात दहा माणसांत तो बंकटरावांना दाखवला गेला. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं आले आणि थेट माझा जिना चढले. आरडाओरडा केला नाही. पायातलं बाहेर काढून आत आले आणि एवढंच विचारलं की बाई, माझ्या पोरीला अख्ख्या मुलखानं बघितलं, मग मला कावून कुणी विचारलं न्हाई.

दुपारी त्यांनी तिला शाळेतून नेलं. वस्तीवरच्या घराला कुलूप आहे, ताराबाईही गेल्या. एकवीस तारखेला तिची बोर्डाची परीक्षा आहे.

हे श्रीशैलमुळे झालं. त्याला मी फोन करू नकोस म्हणून सांगितलंय. वर्गात चोवीस मुली येतात आणि मला त्यांच्यासमोर उभं राहवत नाही.

शिवकन्या

घाटनांदूर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. शिवकन्या हिस,
आशीर्वाद.

श्रीशैल येऊन गेला. जेवला न्हाई. त्यानं सांगितलं की फोटो लावायच्या आधी त्यानं ताईला विचारलं होतं, अन ताई म्हणाली होती की तोच लाव. मी त्याची बाजू घेत न्हाई. तुझं तू बघ.

एक गोष्ट लिहायची राहिली आहे, लई वर्षांची. तू अंबाजोगाईला नाच शिकायला जायचीस तेव्हा दुकानात कुणी विचारलं की मी सांगायचो, पोरगी शिवणक्लासला जाते. तुझ्या पहिल्या कार्यक्रमाला मला ताप आला होता ना, तो आला न्हवता. दुकानासमोरनं चार ओळखीची माणसं तिकडं जाताना बघितली अन माझे पाय उचलले न्हाईत. तेव्हा त्या बंकटरावाला मी वाईट म्हणू शकत न्हाई.

तू कड्याला जा. त्याच्यासमोर उभी राहा अन चुकले म्हण. शाळेतून तिचं हॉल तिकीट घेऊन जा.

आम्ही दोघं तुझ्या पाठीशी आहोत, हे विसरू नकोस.
अप्पा

वडवणी,
२३ फेब्रुवारी २०२५

ति. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

हो, मीच म्हणाले होते. बापाला माहीत नाही हे ठाऊक असून म्हणाले, कारण तो फोटो सगळ्यांत चांगला होता आणि मला मुली हव्या होत्या. श्रीशैलला तसं लिहून कळवलंय. तुमच्या तापाचं आईनं तेव्हाच सांगितलं होतं. मी कधी बोलले नाही, आताही बोलत नाही.

अठरा तारखेला कड्याला गेले. निघण्याआधी तो फोटो सगळीकडून काढला. अभिप्रायाखाली टाकणाऱ्या त्या बाईलाही काढायला लावला, सटव्याला आणि त्यानं ज्याला पाठवला त्यालाही पुसायला लावला, श्रीशैलच्या आणि माझ्या मोबाइलमधूनही पुसला. फोटो काढलाय हे बंकटरावांना सांगताना एकही शब्द खोटा नको होता. साखर कारखान्याच्या अलीकडे, तोडलेल्या उसाच्या रानात त्यांची मेंढरं बसली होती. मी चुकले म्हणाले. त्यांनी ताराबाईंना चहा ठेवायला सांगितला. हॉल तिकीट उलटसुलट बघून खिशात घातलं. म्हणाले की परीक्षेला पाठवलं तर लोक तोंडाकडं बघणार, ते तिला सोसायचं न्हाई अन मलाबी. पुढच्या साली बघू. पुढच्या सालाचं त्यांच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही. ताराबाई सगळा वेळ चुलीकडे तोंड करून होत्या.

एकवीसला मी शाळेच्या फाटकाशी घंटा होईपर्यंत थांबले. ती आली नाही.

कड्याला गेले त्या दिवशी मला रस्त्यापर्यंत सोडायला सुकन्या आली होती. पंधरा दिवसांत उन्हानं रापली आहे. परीक्षेचं, क्लासचं तिनं काही काढलं नाही. बाई, तो फोटो दाखवता का, असं तिनं हळूच विचारलं. अप्पा, तिनं तो बघितलाच नव्हता. सटव्यानं बघितला, बाजारानं बघितला, तिच्या आईनं बघितला. तिच्याकडे मोबाइल नाही, आणि तिला दाखवायचं कुणाला सुचलं नाही. मलासुद्धा नाही. मी पर्समधून मोबाइल काढला आणि परत ठेवला. आता तो कुठंच नाही, असं सांगितलं.

मग बाई, मी त्यात कशी दिसत होते, असं तिनं विचारलं. मी आठवून आठवून सांगू लागले. निम्मंही सांगून झालं नव्हतं, तेवढ्यात मेंढरं शेजारच्या गव्हात शिरली, बंकटरावांनी हाक मारली आणि ती पळत गेली. एसटी आली तेव्हा तिची माझ्याकडे पाठ होती.

आईला यातलं सगळं वाचून दाखवू नका. तुमच्या मायेची मला सध्या फार गरज आहे.
आपली,
शिवकन्या