झबल्यांची जाहिरात

आई, तू होतीस तोवर मी काय काम करते हे तुला सांगायचं राहून गेलं, याचं आजवर मला वाईट वाटायचं. आता बरंच झालं असं वाटतं. मी नागपुरात एका कंपनीत बसून लोकांच्या फोनवर जाहिराती पाठवते. कोणाला कसली दाखवायची, ते त्यांच्याच फोनमधल्या माहितीवरून ठरवते. गरोदर बायकांसाठी एक ॲप आहे. कितवा महिना, काय दुखतंय-खुपतंय, सगळं बायका त्यात भरतात. ते आम्ही विकत घेतो आणि सातवा लागला की त्या बाईला झबली, टोपडी, पाळणे दाखवायला लागतो. ऑफिसात यात मला हुशार समजतात.

मोहाडीचं तुझं दुकान म्हणजे ओसरीतली शिलाई मशीन आणि मागे जुन्या साडीचा पडदा. बाजाराच्या दिवशी बायका पडद्याआड येऊन हळूच म्हणायच्या, "बाई, ब्लाऊज जरा ढिला करून द्या." शिवणीत तू माया सोडलेली असायचीच, ती उसवून द्यायचीस. कोणाला दिवस गेलेत ते घरच्यांच्या आधी तुला कळायचं, पण तुझ्या तोंडून कधी शब्द नाही. एकदा एकीची सासू ओसरीवर बसलेली आहे आणि मी तिच्यादेखत विचारते, "आई, या काकूंचा ब्लाऊज अजून ढिला करायचा?" तू दंडाला धरून मला आत नेतेस. "तिले वाटन तवा सांगन ते. तुले काहून घाई?" आवाज चढवला नव्हतास, तरी मला रडू आलं होतं.

बाळ हातात येईस्तोवर कपडे करायचे नाहीत, हे आपल्याकडे सगळेच पाळतात. तू तर तयार झबली दोरीवर टांगतही नव्हतीस. मी कारण विचारलं, तर म्हणालीस, "जिचं राह्यलं नाई, ते बी याच दारात येते नं, ब्लाऊज आवळून घ्याले."

धाकट्याच्या बायकोला तू पाहिलं नाहीस. गुणी पोरगी आहे. मी काय काम करते हे तिलाही मी सांगितलेलं नाही. यंदा तिला दिवस गेले, तेव्हा ते ॲप घे म्हणून मीच तिच्या मागे लागले. सहाव्यात तिचं बाळ गेलं. तिनं ॲप काढून टाकलं, पण तिची माहिती आमच्याकडे होतीच. आमच्या हिशेबात तिला सातवा लागला आणि झबली सुरू झाली. तिचा फोन आला.

"ताई, रोज येऊन राह्यलं हे. टोपडे, पाळणे. त्याईले कोनी सांगतलं नाई का, माहं लेकरू गेलं म्हणून?"

मी म्हटलं, "आपोआप येतं गं ते, मशीन पाठवते." मशीन पाठवते हे खरं, पण सातवा लागला की पाठव, हे त्या मशीनला मीच शिकवलंय.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या यादीतून तिचा नंबर काढून टाकला. साहेबांना म्हटलं, ज्यांनी ॲप काढून टाकलंय त्या सगळ्यांनाच वगळू या. ते म्हणाले, "अहो मॅडम, त्यातल्या पुष्कळ जणी पुढे खरेदी करतात." आपल्याकडे कोणाचं काय झालं हे कसं कळणार, असंही म्हणाले. मी जागेवर जाऊन बसले. बाकीच्यांना जात होतं ते जातंच आहे.

काल तिचा पुन्हा फोन आला. "ताई, बंद झालं पाहा. तुमीच कोनाले तरी बोलल्या असान. लय बरं वाटून राह्यलं मले." आवाज खरंच मोकळा झाला होता. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं तरी खरं लिहिते. मी तिला म्हटलं, "हो गं, त्या कंपनीत माझ्या ओळखीची एक बाई आहे." ती म्हणाली, "त्याईले माहा नमस्कार सांगजा."