न दबणारा बंपर

हर्सूल,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. सुदर्शन यास आजीचे लाख आशीर्वाद.

काल सगळ्यात आधी आली ती शेजारची रत्नमाला. दुसरं कोण येणार! पिठाचे हात पदराला पुसत, धापा टाकत म्हणती, "मावशी उठा, तुमच्याकडं लई मोठी गाडी येऊ लागली, पण वळणावर अडकली. ड्रायव्हर उतरून माझ्या मोरीचा दगड हलवायलाय." म्हणलं, हलवू दे, तेवढीच तुझी मोरी मोकळी होईल. दोघी हसलो. ते हसू पुढं कुठं गेलं ते सांगते.

आधी गोड ऐक. तुझ्या पोरीला खालचा दात आला! तिच्या आईच्या, सुरेखाच्या आधी मला सापडला. वाटीनं पाणी पाजताना टक्‌ वाजलं. नाक तुझं, रडणं माझ्या सासूचं, गल्लीच्या टोकापर्यंत जातं. बारसं राहिलंय म्हणून सगळे टोकतात. मी म्हणते, बाप आल्यावर. तोवर ती माझी चिमणी.

तुझं जेल घरापासून दोन हाका लांब, तरी पत्राला तिकीट लावावं लागतं. काय करू, मुलाखतीला तू जाळीपलीकडून बोलतोस, मला ऐकू येत नाय, मी नुसती मान हलवून परत येते. साक्षरता वर्गात गिरवलेलं आता कामाला आलं. अक्षरं मुंगळे चालल्यावाणी झालीत, सांभाळून घे.

तर गाडीतून उतरले आपले जागामालक अप्पाराव. पेढे आणले, पोरीला चांदीचे वाळे आणले. त्यांचा पोरगा खाली उतरला नाय, आत मोबाईल बघत बसला. अप्पाराव म्हणले, "आजी, तुमचा नातू म्हणजे सोन्याचा तुकडा. कोर्टात पुढच्या तारखेला कुणी विचारलं तर एवढंच सांगा, बंपर बसवला आन दिवेलागणीला आमचा सुदर्शनच ट्रायल मारायला गाडी घेऊन गेला." मग तुझ्या वेल्डिंगच्या शेडकडं बघून म्हणले, "जागा आमची असली तरी तुम्हाला कधी परकं मानलं नाय." बुधवारी वकील घेऊन येतो, तुमची सही लागंल, म्हणले. माझ्या तोंडात पेढा होता.

ते गेले. उन्हं कलल्यावर दारात एक बाई उभी राहिली. सोबत शाळेच्या कपड्यातली पोरगी. म्हणली, "मी लीलाबाई. फर्दापूर रोडला सायकलवर पेरू विकायचे, जीपखाली गेले, त्या कडूबाची बायको." पाणी दिलं, घेतलं नाय. चपला काढल्या नाय. म्हणली, "बसायला नाय आले. ज्यानं मारलं त्याला कुणी वाढवलं, ते बघायला आले."

मग तिला शेडमधल्या खिळ्यावर तुझा बंपरचा पुठ्ठ्याचा साचा दिसला. फ्रिजचं खोकं कापून केलेला. तू तीन दिवस अप्पारावांच्या जीपच्या तोंडाला पुठ्ठा लावायचास, खडूनं रेघ मारायचास, परत कापायचास. मी म्हणायची, शिंपी झालास का रे. आन अप्पारावांचा पोरगा खुर्ची टाकून म्हणायचा, "सहा एमएमची जाड प्लेट लाव, सरळ गाडीच्या चेसीला." तू म्हणालास, "दादा, लोखंड थोडं दबलं पायजे. गाडी दबली नाय तर समोरचा दबतो." तो हसला, "दबायला आपण हायत का?" आन शनिवारी डोंगरात जायचंय म्हणून तुझ्या मागं घाई लावली.

लीलाबाई म्हणली, "पोलीस ठाण्यात गाडी बघितली मी. दिवाबी फुटला नाय तिचा. बाई, त्यानं ब्रेक का नाय मारला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याला दिसतच नव्हतं."

"पिऊन होता?"

"नाय गं माय. घरी होता. खाटेवर."

मग सगळं सांगितलं. एका हातानं तो जड बंपर धरलेला, दुसऱ्यात वेल्डिंगचा होल्डर, डोळ्यापुढं काळी काच कोण धरणार? सकाळभर उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग केलीस. दुपारी अप्पारावांचा पोरगा गाडी घेऊन गेला, आन दिवस कलला तशी वेल्डिंगच्या उजेडानं तुझ्या डोळ्यात वाळू भरल्यावाणी झालं. लेकरावाणी रडलास. दिवेलागणीला तिकडं कडूबा पडला, इकडं मी तुझ्या डोळ्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवत होते. आपले बटाटे संपलेले, रत्नमालाकडून आणले. दुसऱ्या सकाळी अप्पारावांची माणसं आली तेव्हाबी तुला धड दिसत नव्हतं. गाडी तूच चालवत होतास असं सांग, दोन दिवसांत जामीन, म्हणले. मग माणूस मारल्याचं कलम लागलं आन दोन दिवसांचं काय झालं ते तुला ठाऊक.

लीलाबाई खाली बसली. चपला काढल्या. मग पाणी मागितलं.

सुदर्शन, घर जाईल म्हणून पोरीच्या डोक्यावर माझा हात ठेवून तू शपथ घातलीस, आजी बोलू नको. इतके महिने बोलले नाय. पण त्या बाईच्या पोरीलाबी बाप होता रे. आन माझ्या चिमणीला सगळे खुन्याची पोरगी म्हणतील, तेबी पेढे खाऊन? तिथूनच शपथ 'सुटली' म्हण. नाय म्हणालास तरी पोरीला काय होणार नाय, झालं तर माझं होईल.

जेलातले साहेब पत्र फोडून वाचतात म्हणं. वाचा साहेब, तुमच्यासाठीच मोठ्या अक्षरात लिहिलंय.

सुरेखाला विचारलं, घर सोडावं लागलं तर? तिनं वाळे डबीत घातले आन डबी दारातल्या कोनाड्यात ठेवली, जाताना अप्पारावांच्या हाताला लागंल अशी. रत्नमाला म्हणली, "बटाटे माझे होते, मीबी सांगीन. माझी मोरी काय अप्पारावांची नाय."

लीलाबाईच्या ओळखीत एक वकीलबाई हाय. "कधी आणू?" म्हणली. मी म्हणलं, बुधवारी आण. अप्पारावबी तेव्हाच येणार हायत. सतरंजी धुऊन टाकलीय.

बुधवारची वाट बघणारी,
तुझी आजी द्वारकाबाई