इंदूचा गिलास

प्रिय माझ्या मोने,

चंचलले घेऊन तू दिवाळीत येऊन राहिली हे ऐकलं तवापासून माहे पाय एका जागी ठरत नाही. काल शेजारची वच्छला म्हणे, कलाबाई, लगन हाय का घरी, एवढं सारवण चालू हाय? म्हटलं, लगन काय घेऊन बसली, माही पणती येऊन राहिली! तुझ्या आजोबानं लावलेलं कोपऱ्यातलं झाड आठवते ना? या साली फांद्यांले टेकू द्या लागले. संतरं अजून हिरवी हायेत, दिवाळीपर्यंत पिवळी पडतीन. डॉक्टरनं पोरीले एक खाऊ देलं तं एकच देईन, जास्तीचं देणार नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, कुठं काना-मात्रा चुकला तं सांभाळून घेजो. फोनवर बोलणं होतेच, मंग कागद कायले, असं तुले वाटन. फोनवर बोलताना तुझी सासू बाजूले बसलेली असते, म्हणून. सांगते, धीर धर.

मागच्या साली चंचलले शुगर निघाली, तवापासून तू गावाले आली नाही. सुईची दवाई थंड ठेवा लागते, अन् आमच्याकडं लाइन गेली का दुसऱ्या दिवशीच तोंड दाखवते. तुमच्या नागपुरात घराखाली मेडिकल, सडकेपलीकडं डॉक्टर. इथं तिगावात रातबेरात काही झालं तं आधी पांढुर्णा, मंग नागपूर. तुझं भेणं मले समजते बाप्पा. अन् आता तू म्हणते, आजी, लोधीखेड्याच्या पुढं एक वैद हाय, त्याची पुडी आणून ठेव, पुडी लागू पडली का सुई सुटते, मंग पोरीले बिनघोर आणते. तुझ्या सासूनं ऐकून आणलं म्हणे. पोरीची जात हाय, उद्या लगनात सुई आडवी येईन, असंबी ती म्हणते.

इंदूची गोष्ट तुले पुरी कोणीच सांगतली नाही. माही लहान बहीण. सौंसरकडं आमची संत्र्याची वाडी होती. एका साली इंदू सुकाले लागली. सारखी तहान. माठापाशी उभी राहून गिलासावर गिलास. माय म्हणे, पोरीले झळ लागली, रस पाजा. संत्र्यावाल्याच्या घरी लेकराले दुसरं काय देतीन? व्यापाऱ्यासाठी राखलेल्या झाडावरची सगळ्यात गोड संतरं बा तिच्यासाठी तोडून आणे. सोलून हातात देली का इंदू हासत खाये. जेवढा रस पोटात जाये तेवढी तहान वाढे. मोरीत ती लघवीले बसे तिथं मुंग्यांची रांग लागली, तं आमची आजी म्हणे, मुंग्या गोडाच्याच घरी येतात. शेवटी शेवटी तिच्या श्वासाले वास ये, झाडाखाली पडून सडलेल्या संत्र्यासारखा. एका दुपारी तिनं पाणी मागतलं. मी गिलास भरून आणला, तवरी ती गेली होती. त्या जमान्यात नागपुरात सुई होती म्हणे. आमच्यापर्यंत तिची खबरच आली नाही.

मायनं मरेपर्यंत संतरं तोंडात घातलं नाही. अन् इंदू माह्यासंग सासरी आली. दुपारी घर शांत झालं का माठापाशी गिलास वाजते. मांजर नसते, वारा नसते. मी एक गिलास भरून ठेवते अन् संध्याकाळी तुळशीले टाकते. तुझे आजोबा आधी हासत. मंग एक दिवस त्यायनंच तो गिलास भरून ठेवला. तवापासून कधी हासले नाही.

तर गेली मी त्या वैदाकडं. बसमध्ये खिडकीची सीट भेटली, कपाशी फुटलेली पाहत पाहत गेली. तिथं पाहते तं आंगणाबाहेर मोटारीच मोटारी, साऱ्या नागपूरच्या. मले हासूच आलं. आमचे लोक दवाईसाठी तिकडं धावतात, अन् तिकडचे इकडं! माह्या बाजूले उर्वशी नावाची एक नवी सुनबाई सासूच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. सुई बंद केल्याबिगर पुडी लागत नाही, असं वैदानं सांगतलं, म्हणून बंद केली होती. बाटलीमागं बाटली पाणी पिऊन राहिली होती. तिचा पदर घसरला, सारखा कराले मी वाकली. मोने, तोच वास. त्या आंगणात संत्र्याचं एक झाड नव्हतं.

मी ओरडली, हिले आत्ता उचला. सासू म्हणे, बाई, तुमचं काय जाते? म्हटलं, माही बहीण गेली. मंग ती उठली. त्यायच्याच मोटारीत सौंसरच्या दवाखान्यात नेलं. नर्सबाईनं बोट टोचलं, सलाइन लावलं, सुई देली, अन् गाडी करून नागपूरले पाठवलं. पुढं काय झालं मले मालूम नाही. गाडी निघाली तवा काचेतून तिचा हात दिसला, पाणी घ्याले ओंजळ करतात तसा.

म्हणून पुडी आणली नाही, अन् आणणारबी नाही. सासू रागावली तं म्हणजो, आजी म्हातारी झाली, अडून बसली. त्याच नर्सबाईले मी लाइनीचं रडगाणं सांगतलं, तं तिनं मडक्याची रीत शिकवली. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात दवाईची डबी, वरून ओलं फडकं. मी करून ठेवलं हाय, हात घालून पाहते तं आत गारेगार. इंदूच्या माठाच्या बाजूलेच मांडलं. चंचलले घेऊन ये, पण सुईसकट ये. सुई सोडून आणशीन तं मी दार उघडणार नाही, मंग दिवाळी माही अंधारात गेली तरी चालन. काल दुपारी गिलास वाजला, मी नेहमीसारखा भरला, अन् हात आपोआप दुसऱ्या गिलासाकडं गेला. तो मी पालथा घालून ठेवला हाय. मोने, तो पालथाच राहू दे.

तुझीच, दारात वाट पाहून राहिलेली,
कलाआजी