सासूबाई पाठमोऱ्या असताना

शहाड, बुधवार

प्रिय आई,

नमस्कार. बाबा गुडघ्याला तेल लावतात की बाटली तशीच पडून आहे?

दर पत्रात तू विचारतेस, सासरी तुला कोणी टाकून बोलत तर नाही ना. लहानपणी तापात माझे कान गेले, तेव्हापासूनची तुझी ही काळजी. आता खात्रीने सांगते, बोलतात.

सुदेशने माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकलंय. कोणी बोललं की शब्द मराठीत स्क्रीनवर लिहून येतात. मला ओठ वाचायला माणूस समोर लागतो, याला लागत नाही.

पहिल्याच दिवशी फोन ओट्यावर ठेवला. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या राहून कढी ढवळत होत्या. स्क्रीनवर आलं, 'हिच्या आमटीत नेहमी गूळ जास्त.' मी म्हटलं, "मग दर वेळी दुसरी वाटी का मागता?" त्यांच्या हातातला डाव कढीतच पडला. आम्ही दोघी इतक्या हसलो की कढी फुटली, तरी सगळ्यांनी खाल्ली.

काल कामाला निघाले तेव्हा ॲप चुकून चालूच राहिलं. रिक्षात बसल्यावर वाचलं. मी चपला घालत असताना सासूबाई माझ्या मागे उभ्या राहून म्हणाल्या होत्या, 'देवा, मागून गाडी आली तर हिला कळायचं नाही. तू बघ रे.'

सुदेशला विचारलं तर म्हणाला, "अगं, लग्नापासून रोज म्हणते ती."

आज चपला घालून झाल्या तरी मी दारात तशीच उभी राहिले, त्यांचं म्हणून होईपर्यंत.

तुझी,
संचिता