बाबा मशीनवर बसले

दादा,

मी कामावर निघाले, दुपारी बाबांपाशी तुझी पाळी. रक्ताचा रिपोर्ट आलाय, सूज उतरतेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक्क्याण्णवाव्या वर्षी अशी सूज अंगातली ताकदच खाते, म्हणून त्यांना झोपवून ठेवू नका, चालतं-फिरतं ठेवा. गुडघा अजून गरम लागतो. शेकू नकोस, नुसतं मलम लाव.

काल तू "आता त्यांना वृद्धाश्रमात ठेवू" म्हणालास आणि मी फाडफाड बोलले. चुकलंच माझं. तूही थकलायस, ते दिसतं मला.

पण आजचं ऐक. मी आंघोळ करत होते, तेवढ्यात शिलाई मशीनचा आवाज आला. धावत बाहेर आले, तर बाबा आपले आपण खुर्चीतून उठून, भिंत धरत हातमशीनपाशी जाऊन बसलेले! तीन महिन्यांनी, दादा! माझ्या कामावरच्या कोटाची उसवलेली बाही शिवत होते. मी तोंड उघडणार, तोच म्हणाले, "ओरडू नकोस, शिवण वाकडी जाईल."

शिवण वाकडीच गेलीय. तोच कोट घालून निघालेय.

— छोटी