सरकतं बटण

ता. १२ मार्च, दुपार

चि. खारूताईस,
आईचे आशीर्वाद. तू बरी असशील, जेवण वेळेवर घेत नसशील, हे धरून चालते.

परवा खळ शिजवत होते आणि बाबांची ती शेवटची सकाळ आठवली. तशी रोजचीच. मी गॅसपाशी खळ ढवळत होते, गुठळी होऊ नये म्हणून हात थांबवता येत नव्हता. बाबांनी शटर वर केलं, पुठ्ठ्यांवरची धूळ झटकली, मग फोन काढून आपल्या पुस्तकबांधणीच्या दुकानाच्या साइटवरचं बटण सरकवलं. "आज दुकान उघडं आहे." आणि नेहमीसारखे म्हणाले, "झालं, जगाला कळलं!" जगाला म्हणजे गल्लीतल्या चार माणसांना.

संध्याकाळी ते नव्हते. बटण तू बंद केलंस. मला जमलं नसतं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, नवी साइट करायला शिकतेय. तू म्हणालीस, "आई, बटणं घडवत बसू नकोस, तयार भागांची लायब्ररी घे, मन रमेल." मन रमलं गं! बाबांनी आणि मी जुनी साइट केली ती बांधायला आलेल्या एका जाडजूड पुस्तकातून. एकेक रेघ हाताने. इथे तर बटण, यादी, घडी उघडणारा कप्पा, सगळं शिवून तयार. प्रत्येक भागाचं वेगळं पान. वर चालतं नमुन्याचं बटण, खाली त्याचे नियम. मी शब्दकोशासारखं वाचत सुटते. बटण शोधायला जाते आणि तिसऱ्याच पानावर तास घालवते. एक भाग तर असा आहे की मजकूर पोचेपर्यंत त्याच्या जागी करडे पट्टे दाखवतो. जागा राखून ठेवतो बिचारा. तो मला फार आवडला. काही कारण नसताना मी तो तीनदा लावून पाहिला.

पण एक चूक केली. सरकत्या बटणाच्या नियमांत "सुरुवातीची स्थिती" असं काही होतं. मी बिनदिक्कत "चालू" लिहिलं आणि पान साइटवर चढवून मोकळी झाले. मग बटण बंद केलं, पान पुन्हा उघडलं, तर "आज दुकान उघडं आहे." पुन्हा बंद केलं. पुन्हा उघडं. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

नियम परत वाचल्यावर उलगडलं. पान नव्याने उघडलं की बटण पहिल्यापासून सुरुवात करतं, मागचं काही त्याला आठवत नाही. आठवण आपण बाहेर जपायची आणि बटणाला सांगायची. बाबांची जुनी साइट ती एका छोट्या फाइलमध्ये ठेवायची. दोन ओळींचं काम. कळलं, पण केलं नाही. सकाळी उठून पान उघडायचं आणि बघायचं, कुणीतरी दुकान उघडून ठेवलंय. बरं वाटायचं.

सोमवारी फोन आला. त्या समोरच्या शाळेतल्या बाई.

"अहो काकू, मी दुकानासमोर उभी आहे. साइटवर तर उघडं दिसतंय!"

"बाई, ते बटण बिघडलंय."

"बटण बिघडलंय की शटर? मुलांचा शब्दकोश आणलाय, पार खिळखिळा झालाय. परत नेऊ का?"

शिवण बाबा गेल्यापासून हातात धरली नव्हती. पण पानांच्या घड्या शिवायचं काम पहिल्यापासून माझंच ना गं. ते पुठ्ठा चढवायचे.

"उद्या या," मी म्हणाले.

"नक्की ना? की तेही बटणच?"

हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

फोन ठेवला आणि ती फाइल नव्या बटणाला जोडली. जोडताना दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बसलं. आता दुकान आपोआप उघडत नाही. सकाळी कुणाला तरी यावं लागतं.

रविवारी तू येणार, दुकान रिकामं करून किल्ली जागेच्या मालकांना द्यायला. मागच्या फोनवर मी "बरं" म्हणाले होते. ते तुझी रजा मंजूर झाली म्हणून म्हणाले, किल्लीसाठी नाही. येच तू. पण रिकामी खोकी आणू नकोस. पुठ्ठा सरळ कापायला मला अजून जमत नाही, एक जण धरायला लागतो.

मंगळवारी सकाळी मी खळ शिजवली, शटर वर केलं आणि बटण सरकवलं.

तुझी आई,
दुकानातून