बाहेरून कुलूप

बालाघाट,
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादाला ज्योत्स्नाचा सप्रेम सलाम.

मी बरी आहे. नागपूरला तुम्ही सगळे खुशाल असाल. इकडे धानाची कापणी सुरू झाली, लालबर्ऱ्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. वहिनींनी पाठवलेली शाल मिळाली. माझ्या वयाला रंग जरा भडक आहे, पण त्यांना सांगू नकोस.

संडे स्कूल मी सोडलेलं नाही. परवाच्या रविवारी आदाम-हव्वेचा धडा होता. मी सांगितलं, आधी देव बागेत यायचा आणि ती दोघं त्याच्याशी साधं बोलायची. प्रार्थना म्हणून वेगळं काही नव्हतं. फळ खाल्ल्यावर भीती आली, लाज आली, आणि ती झाडांमागे लपली. एका मुलीने विचारलं, "टीचर, फिर भगवान ने आना बंद कर दिया?" मी म्हटलं, नाही गं, तो आला होता. ही दोघं लपली म्हणून त्याला 'कुठे आहेस?' अशा हाका मारत फिरावं लागलं. उत्तर तोंडपाठ होतं, दिलं. मला स्वतःला काहीच वाटलं नाही.

जावईबापू म्हणून तू ज्याची थट्टा करायचास, तो माझा रवी गेल्यापासून असंच आहे. दफनाच्या दिवशी मी तुझ्या शेजारी उभी राहून सगळी गीतं म्हटली. लोक म्हणाले, केवढा विश्वास! दादा, मला तेव्हाही काही वाटत नव्हतं. राग असता तर देवाशी भांडले तरी असते. आमचं बोलणंच बंद आहे.

काल बुधवारची घरोघरची प्रार्थना माझ्याकडे होती. चहासाठी जास्तीचं दूध आणून ठेवलं होतं. मग काय झालं कोण जाणे, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं, मागच्या दाराने आत आले आणि स्वयंपाकघरात बसून राहिले. मंडळी आली, बाहेरच्या ओट्यावरच दोन गीतं म्हणून गेली.

आमच्या मंडळीतली सगळ्यात म्हातारी लीलाबाई मात्र गेली नाही. घराला वळसा घालत ती हाका मारत होती, "ज्योत्स्ना, कुठी हायेस वं?"

मी ओ दिली नाही.

मागच्या दारातून तिने मला पाहिलं. आता बोलणी खावी लागणार असं वाटलं. ती म्हणाली, "जेवली का?" मी नाही म्हणून मान हलवली. "काहून? थांब, भात टाकतो मी."

भात वाढून तिने डोळे मिटले, प्रार्थना केली आणि माझ्या आमेनची वाट पाहत बसली. माझ्या तोंडून निघेना. भात निवायला लागला, तेव्हा माझं आमेनही तीच म्हणाली. मग मी जेवले. पोटभर जेवले.

तू फोनवर दर वेळी विचारतोस, प्रार्थना करतेस ना? मी हौ म्हणते. ते खरं नाही. यापुढे ते विचारू नकोस, दादा. कुठे आहेस, एवढंच विचार. त्याला मी ओ देईन.

तुझीच,
ज्योत्स्ना